हातचा कुणी खाल्ला?

दहावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका ज्यांनी गेल्या पाच-सात वर्षांत हातात घेतलेली नाही, त्यांनी ती एकदा शेजारच्या पोराकडून मागून घ्यावी. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या पोटात ‘कृती पूर्ण करा’ नावाचा एक प्रकार सापडेल. उदाहरण दिलेले असते, ते सोडवलेलेही असते. मधूनमधून एखादी संख्या किंवा एखादे कारण पुसून तिथे रिकामी चौकट काढलेली असते. विद्यार्थ्याने चौकटी भरायच्या. चाळीसपैकी सात गुण या भरणीचे. सुरुवात कुठून करायची हे पेपर काढणाऱ्याने ठरवले, पुढची पायरी कोणती हेही त्यानेच ठरवले आणि पोचायचे कुठे तेही त्याचेच. पोराच्या वाट्याला उरले सात अधिक पाच बारा. मंडळ याला कृती म्हणते. कृती नेमकी कुणाची, ते विचारायचे नाही.

माझे नोकरीचे सगळे आयुष्य नंदुरबार जिल्ह्यात गणित शिकवण्यात गेले. सपाटीवरच्या शाळा पाहिल्या, सातपुड्यातल्या पाहिल्या. त्या बळावर सांगतो, या चौकटी म्हणजे आजाराचे कारण नव्हे, अंगावर उठलेले पुरळ आहे. आजार असा की गणिताची पायरी ही तपासणाऱ्यासाठी लिहायची असते, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. शिक्षकाने ठरवले, मंडळाने ठरवले, गाईड छापणाऱ्याने ठरवले आणि क्लासवाल्याने त्यावर बंगला बांधला. सोडवणाऱ्याला स्वतःला पायरी लागते, ही गोष्ट वर्गातून केव्हाच हद्दपार झाली.

परीक्षेच्या आदल्या महिन्यात कुठल्याही शाळेत जा. एकच कीर्तन चालू असते. “उत्तर चुकलं तरी चालेल, स्टेप लिहा. सूत्र लिहिलं की अर्धा गुण. आकृती काढली की अर्धा. काहीच नाही आलं तर पक्ष, साध्य, सिद्धता एवढं तरी लिहून या.” आणि पोरे लिहून येतात. मी अशा उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत. ‘पक्ष’ निळ्या पेनाने, खाली पट्टीने रेघ. ‘साध्य’, खाली रेघ. ‘सिद्धता’, खाली दुहेरी रेघ. आणि त्याखाली कोरा कागद. मथळे जागच्या जागी, मजकूर गायब. सरकारी अहवालांशी इतके साम्य दुसऱ्या कुठल्याच लिखाणाचे मी पाहिलेले नाही.

आता एक साधी वजाबाकी घेऊ. चौथीची आहे, भिऊ नका. ४०३ मधून १८७ वजा करा.

एका मुलाचे उत्तर येते ३८४. दुसऱ्या मुलीचे येते २२६. तिसऱ्याचे २१६. गुरुजी लाल पेन घेतात, पहिल्या दोघांना फुली, तिसऱ्याला बरोबरची खूण, पुढची वही. झाले मूल्यमापन.

पण जरा थांबा. ३८४ कसे आले? तीनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून तीन घालवले, चार. शून्यातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून शून्य घालवले, आठ. चारातून एक, तीन. या पोराने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले आहे. त्याला वजाबाकी येते, दशक म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याच्यापुढे काड्यांचे गठ्ठे ठेवावे लागतील, गठ्ठा सोडून दहा काड्या मोकळ्या कराव्या लागतील. आता २२६ पाहा. या मुलीने शतकातला एक उसना घेतला, चाराचे तीन केले, एककात तेरा केले, तेरातून सात सहा. बरोबर. मग दशकाच्या घरात दहा धरून त्यातून आठ घालवले, दोन. तिथे दहा नव्हते, नऊ होते. दहातला एक तर तिने आधीच एककाला देऊन टाकला होता. हिला दशक कळला आहे, उसनवारी कळली आहे. चुकले ते एकाच जागी. हिला काड्या नकोत, एकच प्रश्न पुरे: “बाई, एककाला दिलेला एक कुणाच्या घरातून गेला?” ती स्वतःच हसेल आणि दुरुस्त करेल.

आणि तिसरा? त्याने पुढच्या बाकावरचे पाहून लिहिले. बरोबरची खूण त्यालाच मिळाली.

दोन वेगळ्या चुका, दोन वेगळी डोकी, दोन वेगळे उपाय. लाल पेनाला दोन्ही सारख्याच. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका आंधळ्या नसतात, त्यांच्यामागे पक्की, पण चुकीची रीत असते, हे ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये संगणकावर अशा चुकांची वर्गवारी करून दाखवले. आपल्याकडे संगणक नव्हता म्हणून हे कळले नाही असे कुणी म्हणू नये. वही होती, पोर समोर होते, फक्त “हे कसं केलंस?” एवढे विचारायचे होते. ते विचारायला शिक्षकाला वेळ नाही. का नाही, तर तो माहिती भरतो आहे.

या जिल्ह्याइतकी माहिती क्वचितच कुठे भरली गेली असेल. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव लागले आणि मग तर निर्देशांकांचा पूर आला. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आले, २०२१ मध्ये ‘निपुण भारत’. दोन्हींचा हेतू चांगला होता, मूल खरोखर वाचते का, बेरीज-वजाबाकी करते का, हे पाहा. पण खालपर्यंत येता येता पाहणे गळून पडले आणि रकाना उरला. ‘वजाबाकी येते : होय / नाही.’ ३८४ वाल्या मुलापुढे नाही, २२६ वाल्या मुलीपुढेही नाही. महिनाअखेर दोघांपुढे होय, कारण तालुक्याची टक्केवारी मागे दिसायला नको. २००५ पासून ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे लोक घरोघर जाऊन मुलांना अशीच हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात, आणि दरवेळी निकाल आला की साहेबलोक दचकतात. दचकण्यासारखे त्यात काय आहे? तुमच्या रकान्यात होय आहे, पोराच्या पाटीवर नाही आहे. पाटी खोटे बोलत नाही.

भाषेचा मुद्दा टाळून या जिल्ह्यात गणितावर बोलणे म्हणजे निव्वळ ढोंग. इथल्या दहातली जवळजवळ सात माणसे आदिवासी. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी. सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. पहिलीत आलेल्या पोराला एकोणसाठ म्हणजे काय ते आधी कळावे लागते. ऐकताना साठ ऐकू येते, लिहायचे असतात पाच आणि नऊ. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ असाही पर्याय दिला गेला, तेव्हा केवढे रणकंदन माजले होते आठवते? समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर, स्वतः गणितातल्या विदुषी, शांतपणे सांगत होत्या की लहान मुलाला बोललेल्या आणि लिहिलेल्या क्रमाचा मेळ घालणे जड जाते, जोडाक्षरे जड जातात, म्हणून हा पर्याय. विधानसभेत थट्टा झाली, वाहिन्यांवर मराठी भाषेच्या अंत्ययात्रा निघाल्या. ज्यांच्या घरी तीन पिढ्या मराठी पाढे घोकले गेले, ते सगळे बोलले. धडगावच्या वर्गातले पोर ‘त्र्याण्णव’ ऐकून पाटीवर काय लिहिते, हे त्या गदारोळात कुणाला विचारावेसे वाटले नाही. त्या पुस्तकाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही म्हणा, पण पहिली पायरी चढण्याआधीच पोर का अडखळते हे त्या बाईंनी निदान पाहिले होते. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. वाद त्याआधीच विसरला गेला होता.

आता याच पोराला शाळेबाहेर पाहा. डोंगरातल्या आठवडे बाजारात आमचूर घेऊन बसलेली सातवीतली मुलगी. भाव किलोला ८५, गिऱ्हाईक सात किलो मागते. ती क्षणभर वर बघते आणि म्हणते ५९५. कसे केलेस विचारले तर सांगते, दहाचे साडेआठशे, तिनाचे दोनशे पंचावन्न कमी. यात पायऱ्या नाहीत का? दोन स्वच्छ पायऱ्या आहेत. वितरणाचा गुणधर्म आहे, तोही वजाबाकीच्या अंगाने, जो आपण आठवीच्या फळ्यावर अक्षरांत लिहून पोरांना घाबरवतो. हीच मुलगी सोमवारी वर्गात ८५ गुणिले ७ उभ्या मांडणीत करते, पाच साते पस्तीस, पाच लिहिले, हातचे तीन विसरली, आठ साते छप्पन्न, उत्तर ५६५. फुली. बाजारात तिला तीस रुपयांनी कुणी फसवले असते तर तिने टोपली उचलली असती. वर्गात तिने तीस रुपये निमूट सोडून दिले, कारण वर्गातले आकडे कशाचेच नसतात.

हे मी मनाचे सांगत नाही. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात नून्येस, कॅराहर आणि श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यांतला बारा वर्षांचा नारळ विकणारा पोरगा दहा नारळांचा हिशेब असा करतो: एक पस्तीसचा, म्हणजे तीन एकशे पाचचे, आणखी तीन, दोनशे दहा, मग तीनशे पंधरा, मग साडेतीनशे. शाळेने त्याला दहाने गुणताना शून्य लावायला शिकवले होते. त्याने ते लावले नाही. त्याला तिनाचा भाव पाठ होता, त्यावरून त्याने वाट काढली. बाजारातली जवळजवळ सगळी गणिते या मुलांनी बरोबर केली, तीच कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली तेव्हा चाळीस टक्केही जमली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल असाच निष्कर्ष ‘नेचर’मध्ये मांडला, आणि वर हेही दाखवले की शाळेत शिकणाऱ्या मुलांना उलट बाजारातला हिशेब जमत नाही. म्हणजे दोन्हीकडून पूल नाही. पूल बांधणे हे शाळेचे काम. शाळा काय करते? मुलीच्या दोन पायऱ्या खोडते आणि स्वतःच्या चार पायऱ्या तिच्या वहीत उतरवून घेते.

“पण सर, परीक्षेत मांडणी लागते.” लागतेच. मांडणीला माझा विरोध नाही, उलट मी मांडणीचा वेडा आहे. लेखी रीत शिकलीच पाहिजे, कारण सात किलो तोंडी होतात, एका हंगामाचा हिशेब तोंडी होत नाही. आणि इथेच माझ्या रागाचे मूळ आहे.

या जिल्ह्यातून दिवाळीनंतर माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो. आता एक शाब्दिक उदाहरण सोडवू, आकडे समजुतीसाठी मी घेतो. समजा उचल ६०,००० रुपये. तोडणीचा दर टनाला ३०० रुपये. जोडपे दिवसाला दोन टन तोडते, हंगाम १२० दिवसांचा. दर आठवड्याला ५०० रुपये खर्ची, सतरा आठवडे. हंगामाच्या शेवटी मुकादम वही उघडतो आणि म्हणतो, “तुमच्याकडंच साडेसहा हजार निघतात. पुढच्या साली फेडा.”

पायऱ्या लिहा. दिवसाची कमाई, दोन गुणिले ३००, सहाशे. हंगामाची कमाई, सहाशे गुणिले १२०, बहात्तर हजार. खर्ची, पाचशे गुणिले सतरा, साडेआठ हजार. उचल आणि खर्ची मिळून साडेअडुसष्ट हजार. बहात्तर हजारांतून साडेअडुसष्ट गेले, साडेतीन हजार मजुराचे मुकादमाकडे निघतात. मुकादम म्हणतो मजुराकडे साडेसहा हजार बाकी. फरक दहा हजार. हे दहा हजार कुठल्या ओळीत गेले? टन कमी धरले? खाडे जास्त लावले? खर्ची दोनदा लिहिली? उत्तर चुकले आहे एवढे ओरडून काही होत नाही, मुकादम वही मिटतो आणि निघून जातो. “ही तिसरी ओळ परत वाचा” असे म्हणता आले तर त्याला वही उघडावी लागते.

पायरी कशासाठी असते, तर यासाठी. हिशेब समोरच्याने केला असला तरी त्यातली ओळ न् ओळ अडवून विचारता यावी म्हणून. आणि आपण या मजुरांच्या मुलांना शिकवतो काय? दुसऱ्याने मांडलेल्या हिशेबातल्या रिकाम्या चौकटी मुकाट भरायला. मुकादमाला याहून सोयीचा अभ्यासक्रम काढता आला नसता.

दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड. चांगले आहे, मी हसत नाही. गावातल्या दुकानदाराने दिलेल्या बिलावरचा कर पोराला वाचता आला पाहिजे. पण शेअरची दर्शनी किंमत काढणाऱ्या प्रकरणात उचल, खर्ची, मुकादमाचे कमिशन यांचे एक उदाहरण घालायला कुणाचा हात कोणी धरला होता? ज्यांचे आईबाप हंगामभर कोयत्यावर जातात अशी पोरे राज्यात थोडी नाहीत. आमच्याकडची गुजरातेत जातात, बीडची पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात.

दुसरी एक जमात आहे, तिला तर पायरीचेच वावडे. ट्रिकवाले. नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठल्याही गावात पोलीस भरतीची, तलाठ्याची, शिष्यवृत्तीची, नवोदयची पाटी दिसेल आणि पाटीखाली ‘गणित सेकंदात’. अकराने गुणायची ट्रिक ऐका: ६३ गुणिले ११, सहा आणि तीन दूर सारा, मध्ये त्यांची बेरीज घाला, ६९३. टाळ्या. मग पोराला ७८ गुणिले ११ दिले. सात, मध्ये पंधरा, आठ. उत्तर ७१५८. पोर अभिमानाने पाहते आहे, कारण सेकंदात आले. ७८ चे दहापट ७८०, त्यात एक ७८ मिळवला तर ८५८ होतात, सात हजार होतीलच कसे, हा विचार करायला तिथे वेळ कुणाला? हातचा ट्रिकवाल्याने खाल्ला, आणि हजारोंची फी वर घेतली.

हे लोक वर ‘वैदिक’ची झूल पांघरतात. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये निघाले. त्यातली सूत्रे वेदांत सापडत नाहीत, हे श्रीकृष्ण दाणी यांच्यासारख्या आपल्याच मराठी गणितज्ञाने नव्वदच्या दशकात स्पष्टपणे लिहिले आहे. पण वाद वेदांचा सोडा. भारतीय परंपरा म्हणजे चमत्कार आणि चटकन उत्तर, हे सांगणाऱ्यांनी खानदेशात तरी सांगू नये. चाळीसगाव तालुक्यातले पाटण इथून काही परदेशात नाही. ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख आजही साक्ष देतो. रीत दिली की तिची उपपत्ती विचारायची, हा या परंपरेचा बाणा. १५४५ मध्ये गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली ती कशासाठी? भास्कराचार्यांच्या रीती खऱ्या का आहेत हे एकेक करून सांगण्यासाठी. साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी टीकाकाराला जी लाज होती ती आजच्या ट्रिकवाल्याला नाही.

मोबाईलवरच्या सोडवणुकीबद्दल एवढेच. उदाहरणाचा फोटो काढा, पडद्यावर पायऱ्या हजर. पायऱ्या बरोबर असतात, बऱ्याचदा गाईडपेक्षा चांगल्या. फक्त त्या मोबाईलच्या असतात. डोंगरात रेंज नाही म्हणून आमची पोरे यात मागे पडली, अशी हळहळ मी ऐकली. मागे पडली ती त्याच्या कितीतरी आधी, आणि रेंज असलेल्या गावांतही.

कुणी म्हणेल, या मुलांकडून विचाराची अपेक्षाच जास्त आहे, आधी पास तरी होऊ द्या. हा सूर मी स्टाफरूममध्ये ऐकला, कार्यालयात ऐकला, आणि तो आता धोरणातही उतरतो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद बाहेर आली: गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी दहावी ओलांडू द्यायची, पण गुणपत्रिकेवर शेरा मारायचा की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. दयाळूपणा पाहा. नापासाचा शिक्का काढला आणि त्या जागी जन्मभराचा शेरा मारला. पूर्वी नववी-दहावीला सामान्य गणिताचा पर्याय होता, नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो गेला. तेव्हा म्हणाले सगळ्यांना एकच गणित हवे. आता म्हणतात ज्यांना जमत नाही त्यांना दाराबाहेर नेऊन सोडू. ३८४ लिहिणाऱ्या चौथीतल्या पोराला सहा वर्षे कुणी विचारले नाही की बाबा, हे कसे केलेस, आणि सोळाव्या वर्षी त्याच्या कागदावर लिहायचे की याला गणित झेपत नाही. झेपत कुणाला नाही, त्याला की व्यवस्थेला?

आणि ‘या मुलांना’ म्हणजे कुणाला? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, आमच्याच नाशिक विभागात. विद्यापीठात नोकरी नाही, बी.एस्सी.च्या पुढे पदवी नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथेच राहते. आपल्या जिल्ह्याचे जन्मवर्ष १९९८ घ्या. ९९८१ वजा १८९९, उत्तर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. तीन पायऱ्या. लागते काय तर हातच्याची वजाबाकी, तीच जी ३८४ वाल्या पोराला कुणी शिकवली नाही. पाचवीच्या वर्गात हे फळ्यावर करून पाहिले की पोरे सुट्टीची घंटा विसरतात. एखाद्याचे ६१७४ आले नाही तर तो गुरुजींकडे येत नाही, मागे जाऊन स्वतःच्या ओळी तपासतो, कारण उत्तर काय येणार हे त्याला ठाऊक आहे आणि घोटाळा कुठे झाला ते शोधायचे आहे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, समजून घ्या, बेत ठरवा, बेत पार पाडा, मागे वळून पाहा. ही चौथी पायरी म्हणजे आपला जुना ताळा. आता ताळा कुणी करत नाही. ताळ्याला गुण नसतात ना.

काही शिक्षक हे सगळे करतात, मला माहीत आहे. डोंगरात एकट्याने दोन वर्ग सांभाळणारी बाई पोराच्या भाषेत “कसं केलंस” विचारते, त्याने आपल्या बोलीत सांगितलेले मराठीत लिहून देते, मग आकड्यांत उतरवते. सपाटीवरचा पोर “माले नही समजनं” म्हणाला की त्याला गप्प न बसवता कुठल्या ओळीपासून नाही समजले ते विचारणारा गुरुजीही मी पाहिला आहे. या माणसांना कुणी आदर्श पुरस्कार देत नाही, कारण त्यांच्या वह्या तपासायला आलेल्या साहेबाला खाडाखोडच दिसते. सुबक वही म्हणजे चांगले गणित, हा साहेबी गैरसमज. खाडाखोड नसलेली गणिताची वही मला दाखवा, मी तुम्हाला ती कुठून उतरवली ते दाखवतो.

म्हणून मागणी सरळ आहे, आणि ती मंडळाकडे आहे. चौकटींचे ते सात गुण काढा. त्या जागी एक चुकीची सोडवणूक छापा, पूर्ण, शेवटच्या उत्तरापर्यंत, आणि विचारा: चूक कोणत्या ओळीत आहे, आणि ती चूक का आहे? गाईडवाल्यांना याची अपेक्षित उत्तरे छापायला दोन वर्षे तरी लागतील. तेवढ्यात चार पोरे विचार करायला शिकतील. पहिल्या वर्षी निकाल पडेल. पडू द्या. आताचा निकाल तरी खरा कुठे आहे?

आणि पालकांना, विशेषतः जे हंगाम आटोपून गुजरातेतून परत येतील त्यांना: शाळेत गेलात की पोराचे टक्के विचारू नका. मुकादमाने दिलेला हिशेबाचा कागद सोबत न्या, पोराच्या आणि गुरुजींच्या मध्ये ठेवा, आणि दोघांना मिळून ओळीने वाचायला सांगा.